कबुली दिली, म्हणजे सुटलो?

ख्रिस्ती धर्मातलं पाप आणि क्षमा यांबद्दल सर्वसाधारण मराठी वाचकाला जे ठाऊक असतं, ते दोन ठिकाणांहून आलेलं असतं: हिंदी सिनेमा आणि शाळेतलं इतिहासाचं पुस्तक. सिनेमात नायक लाकडी जाळीमागच्या फादरना खून केल्याचं सांगतो आणि हलका होऊन बाहेर पडतो. पुस्तकात पोप पापमुक्तीपत्रं विकतो आणि मार्टिन ल्यूथर चिडतो. या दोन्हींची बेरीज करून आपण मोकळे होतो: यांचा देव एकतर फार स्वस्तात सोडतो, नाहीतर कायमचा आगीत टाकतो. ख्रिस्ती लोक मात्र गेली दोन हजार वर्षं या दोन टोकांच्या मधल्या जागेवरच भांडत आले आहेत. आणि ‘ख्रिस्ती मत’ असं एकच मतही नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांची उत्तरं बऱ्याच ठिकाणी वेगळी आहेत.

‘फादरना सांगितलं की झालं’

बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत असं कन्फेशन नसतंच. नगर-सोलापूरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेला माणूस आपलं पाप थेट देवापाशी कबूल करतो, पाळकापाशी माफीचा शिक्का नसतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत हा संस्कार आहे, गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. पण नुसतं सांगून तिथेही भागत नाही. केल्याचं मनापासून दुःख हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त करायला हवं. निश्चयच दिसत नसेल तर फादर पापमुक्ती नाकारू किंवा पुढे ढकलू शकतात. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी मंजूर केलेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ आणखी पुढे जातो. चोरी केली असेल तर वस्तू परत करा, कुणाची बदनामी केली असेल तर त्याची अब्रू सावरा, इजा केली असेल तर भरपाई द्या, असं तो सांगतो. सिनेमातला नायक यातलं काही करताना दिसत नाही. पटकथा लांबेल.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा याचा जुना नमुना. यरीहो गावचा हा प्रमुख जकातदार लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो आणि गावकरी कुरकुरतात. त्या भेटीत जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करायचं कबूल करतो. दया आधी दारात आली आणि हिशेब तिच्यामागून झाला, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हिशेब चुकला मात्र नाही.

सुरुवातीच्या शतकांत तर क्षमा मिळणं इतकं अवघड होतं की आज विश्वास बसणार नाही. इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिले, काहींनी पैसे चारून नुसते दाखलेच मिळवले. छळ ओसरल्यावर हीच माणसं चर्चच्या दारात परत आली. रोममधल्या नोव्हेशियनचं म्हणणं, यांना क्षमा करण्याचा अधिकार चर्चला नाही. रोमचे बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, आहे, पण प्रायश्चित्तानंतर. दुसरी बाजू टिकली. नोव्हेशियनचा पंथ वेगळा निघाला आणि काही शतकांनी विरून गेला.

तरी ती दुसरी बाजूही सैल नव्हती. खून, व्यभिचार, धर्मत्याग यांसारख्या पापांसाठी प्रायश्चित्त चारचौघांत करावं लागे, ते कधीकधी वर्षानुवर्षं चाले, आणि आयुष्यात एकदाच मिळे. साहजिकच लोक ते म्हातारपणावर टाकत. सगळी पापं शेवटी एकदाच धुऊन जावीत म्हणून काही जण बाप्तिस्माच लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली मृत्यूशय्येवर घेतला. खाजगीत, पुन्हापुन्हा करता येणारं कन्फेशन पश्चिम युरोपात पसरवलं ते सहाव्या-सातव्या शतकातल्या आयरिश संन्याशांनी. वर्षातून एकदा तरी कन्फेशन करायलाच हवं हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्या फादरला पदावरून काढून जन्मभर कडक मठात डांबावं, हेही त्याच परिषदेने ठरवलं. आणि सिनेमातली ती जाळीची लाकडी खोली? ती रुळवण्यात सोळाव्या शतकातल्या मिलानच्या आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांचा मोठा हात आहे. येशूच्या शिष्यांनी ती पाहिलेली नव्हती.

‘पैसे मोजले की स्वर्ग’

इथे पाठ्यपुस्तक चुकीचं नाही, अर्धवट आहे. पापमुक्तीपत्राने पाप माफ होतं असा सिद्धान्त कधीच नव्हता. पाप कन्फेशनमध्ये माफ होतं, त्यानंतर उरलेली ऐहिक शिक्षा पत्राने कमी होते, असं शास्त्र सांगत होतं. बाजारात मात्र असले बारकावे टिकत नाहीत. १५१७ साली योहान टेट्झेल जर्मनीत ही पत्रं खपवत फिरत होता. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकासाठी वर्गणी, असं कारण सांगितलं जाई. प्रत्यक्षात निम्मी रक्कम माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांचं फुगर पेढीचं कर्ज फेडण्यात जात होती. ल्यूथरचे ९५ मुद्दे याच धंद्यावर तुटून पडले. कॅथलिक चर्चलाही पुढे ते पटलं म्हणायचं, कारण १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने या व्यवहारातला पैशाचा लोभ निषिद्ध ठरवला आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या सवलती रद्द केल्या. ही दंडमाफी आजही आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षात लाखो यात्रेकरूंनी ती मिळवली. त्यासाठी कन्फेशन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना लागते, पावती लागत नाही.

‘जुन्या करारातला देव रागीट, नव्या करारातला प्रेमळ’

हा गैरसमज खुद्द ख्रिस्ती लोकांतही जोरात आहे आणि फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या जहाजमालकाने असंच मांडलं होतं: यहुद्यांचा न्यायनिष्ठुर देव वेगळा आणि येशूचा दयाळू पिता वेगळा. रोमच्या चर्चने सुमारे १४४ साली त्याला बाहेर काढलं आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. (देणगी परत करणाऱ्या धर्मसंस्था इतिहासात फार सापडत नाहीत.)

कारण बायबलच मार्सियनच्या विरुद्ध जातं. निर्गमच्या ३४ व्या अध्यायात देव मोशेपुढे स्वतःची ओळख करून देतो, ती दयाळू आणि मंदक्रोध अशी. अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, पण दया हजारो पिढ्यांपर्यंत, असं ते प्रमाण आहे. उलट नरकाविषयीची सर्वांत कडक वाक्यं पाहायची तर ती शुभवर्तमानांत, येशूच्याच तोंडी आहेत.

मत्तयच्या २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. मेंढपाळ शेरडं आणि मेंढरं वेगळी करतो तशी माणसं वेगळी होतात, आणि राजा विचारतो ते साधंच आहे. भुकेल्याला खाऊ घातलंत का, तहानलेल्याला पाणी दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट? गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं निकाल ऐकून चकित होतात. आपण देवासाठी काही केलं, किंवा करायचं राहिलं, हे त्यांच्या गावीही नसतं.

मराठी वाचकाला याचं उदाहरण फार दूर शोधावं लागत नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅममधलं, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठीचं घर दाखवलं. अशा स्त्रियांना धर्म दंड करायला नव्हे तर सावरायला जातो, हे रमाबाईंना नवीन होतं. ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जाण्यात त्या भेटीचा वाटा मोठा होता, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी जे घर काढलं, त्याचं नाव कृपासदन.

न्यायाचा दिवस म्हणजे नुसता थरकाप, हीदेखील एकतर्फी समजूत. स्तोत्रसंहितेत देव पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून रानातली झाडं आनंदाने गातात. ज्यांचा खटला कुठल्याच कोर्टात उभा राहिला नाही, त्यांच्यासाठी न्यायाधीश येणं ही चांगलीच बातमी. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आशेवरील परिपत्रात हाच धागा धरला होता: कृपा म्हणजे केलेलं पुसून टाकणारा बोळा नाही, आणि छळणारे नि छळलेले शेवटच्या पंगतीत काहीच घडलं नाही असे शेजारी बसत नाहीत. मला स्वतःला हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो. जिथे अपराधाला अपराध म्हटलंच जात नाही, तिथे क्षमा कशाची करणार?

‘संकट म्हणजे देवाची शिक्षा’

येशूने हे दोनदा साफ नाकारलं आहे. शिलोहचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं तोच विचारतो आणि नाही म्हणतो. वर ऐकणाऱ्यांनाच बजावतो की तुम्ही पश्चात्ताप करा. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? उत्तर येतं, कुणाचंच नाही. तरी धर्मोपदेशकांना हा मोह आवरलेला नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला, संतांच्या सणादिवशीच, लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झालं, तेव्हा जेझुइट मालाग्रिदा यांनी ती शहराच्या पापांची शिक्षा ठरवली. आपल्याकडे १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं आणि रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. तेव्हा हा मोह एकाच धर्माचा नाही.

‘नरकात सैतान राज्य करतो’

हे बायबलमध्ये नाही. तिथे सैतान स्वतः शिक्षा भोगणारा आहे, तुरुंगाधिकारी नाही. आपल्या डोळ्यांपुढचं चित्र बरंचसं मध्ययुगीन कवी-चित्रकारांचं, आणि त्यांचंही आपण नीट पाहिलेलं नसतं. दान्तेच्या नरकाच्या तळाशी आग नाहीच, बर्फ आहे, आणि सैतान त्यात कमरेच्या वरपर्यंत गोठलेला आहे.

सातव्या शतकातले निनवेचे बिशप आयझॅक यांनी लिहिलं की नरकातल्यांना जाळतं ते देवाचं प्रेमच, ज्याच्याशी आपण द्रोह केला त्या प्रेमाची जाणीव. ऑर्थोडॉक्स परंपरेत हा विचार खोल रुजला आहे. चौथ्या शतकातले न्यासाचे ग्रेगरी तर शेवटी सगळेच देवाकडे परततील असं मानत, आणि तरीही संत म्हणून पूजले जातात. कॅथलिक चर्च नरक आहे असं शिकवतं. हजारो माणसांना त्याने नावानिशी संत घोषित केलं आहे. अमुक एक माणूस नरकात आहे असं मात्र कुणाहीबद्दल कधी घोषित केलेलं नाही, यहूदा इस्कर्योतबद्दलही नाही.

कॅथलिक मानतात ते शुद्धिस्थान, म्हणजे मृत्यूनंतर आत्म्याची शुद्धी होण्याची अवस्था, हीदेखील नापासांची फेरपरीक्षा नव्हे. तिथे पोचलेला आत्मा तरलेलाच असतो, शुद्धी तेवढी बाकी असते. प्रोटेस्टंटांना हे मुळातच मान्य नाही. आत्महत्या केलेल्याला चर्चमध्ये अंत्यविधी मिळत नाही, हेही जुनं झालं. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतून ती बंदी गेली. अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असं धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो.

‘दया फक्त ख्रिस्ती लोकांसाठी’

यावर खरोखरच मतभेद आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. येशूवर उघड श्रद्धा ठेवल्याशिवाय तारण नाही, असं अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या आजही मानतात. कॅथलिक चर्चमध्ये बोस्टनचे फादर लिओनार्ड फीनी हाच आग्रह टोकाला नेत होते. १९४९ साली रोमने त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला, आणि बोलावूनही ते रोमला गेले नाहीत म्हणून १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये लिहून ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागतात, तेही तरू शकतात.

हा वाद समजून घ्यायला परिषदांचे ठराव वाचायलाच हवेत असं नाही. जुन्या करारातलं योनाचं पुस्तक पुरे. योनाला देव निनवेला धाडतो, म्हणजे त्याच्या लोकांच्या कट्टर शत्रूच्या, अश्शूरांच्या शहरात. तो उलट दिशेचं जहाज पकडतो, माशाच्या पोटातून परत येतो आणि नाइलाजाने नाशाची घोषणा करतो. राजा राखेत बसतो, गुरंढोरंही गोणपाट पांघरतात, आणि देव शिक्षा मागे घेतो. योना संतापतो. तू दयाळू आहेस हे ठाऊक होतं म्हणूनच तर मी पळालो होतो, असं तो देवाला ऐकवतो. केरळमधले सीरियन ख्रिस्ती अजूनही निनवेच्या आठवणीत तीन दिवसांचा उपास धरतात. योनाच्या पुस्तकाचे चारच अध्याय आहेत, ४८ ओव्या, चहा निवायच्या आत वाचून होतील. सिनेमातल्या कन्फेशनवरून मत बनवण्याआधी तेवढे वाचा.