लाल अक्षर आणि मिरजेची वेणाबाई

हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ मी जालन्यात बसून वाचली. कादंबरी १८५० सालची. तिच्यातला काळ मात्र त्याच्या दोनशे वर्षे मागचा. बोस्टनचे कर्मठ प्युरिटन लोक हेस्टर प्रिनला तान्ह्या मुलीसह भर चौकात उभी करतात आणि व्यभिचाराची खूण म्हणून तिला छातीवर लाल अक्षर वागवायला लावतात. मुलीच्या बापाचे नाव ती सांगत नाही. आणि तो बाप, गावचा पूज्य धर्मोपदेशक, वरच्या सज्जातून तिला ‘नाव सांग’ म्हणून उपदेश करतो!

वाचता वाचता मला वेणाबाई आठवली. आमच्या जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म १६०८ चा. ते बोहल्यावरून पळाले ही कथा इकडे पोराटोरांनाही पाठ असते. मांडवात राहिलेल्या त्या मुलीची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. असो. वेणाबाई ही त्याच समर्थांची शिष्या, म्हणजे हेस्टरच्याच काळातली. माहेर कोल्हापूर, सासर मिरज, आणि लहानपणीच आलेले वैधव्य. एकनाथी भागवत वाचताना आलेल्या शंका तिने भिक्षेला आलेल्या समर्थांना विचारल्या आणि पुढे ती त्यांच्या कीर्तनाला जाऊ लागली. तरुण विधवा आणि ब्रह्मचारी गोसावी! लोकांच्या जिभेला आणखी काय हवे? अब्रूच्या भयाने घरच्यांनीच तिला विष दिले आणि त्यातून ती वाचली, असे संप्रदायात सांगतात. हेस्टरच्या हातून काही घडले तरी होते. हिच्या पदरी नुसता संशय.

हेस्टरला गाव सोडता आले असते. ती गेली नाही. समुद्रकाठच्या झोपडीत राहून सुईदोऱ्यावर तिने मुलगी वाढवली. गव्हर्नरच्या गळपट्ट्यावर तिचे भरतकाम चाले, मेलेल्याच्या कफनावरही चाले. फक्त नवरीच्या ओढणीला तिचा हात लावू देत नसत! तरी गावातल्या आजाऱ्यांच्या उशाशी रात्री जागायला तीच जाई. पुढे पुढे तर लोक त्या अक्षराचा अर्थच निराळा लावू लागले.

तिचा धर्मोपदेशक सात वर्षे गप्प राहिला. मला मोठा फरक दिसतो तो इथे. समर्थांनी वेणाबाईला कुठे दूर लपवले नाही. मिरजेला, तिच्या सासरच्याच गावी, मठाची अधिकारी म्हणून बसवले. विधवेने चारचौघांत उभे राहून कीर्तन करायचे, ही त्या काळी केवढी गोष्ट! तिने ती केली, मठ चालवला, ‘सीतास्वयंवर’ रचले.

हेस्टर म्हातारपणी परदेशातून त्याच झोपडीत परतली आणि कुणी न सांगता ते अक्षर तिने पुन्हा लावले. मन दुखावलेल्या बायका तिचा सल्ला घ्यायला येत. वेणाबाईने १६७८ साली सज्जनगडावर, समर्थांसमोर कीर्तन करतानाच देह ठेवला असे सांगतात. तिची समाधी गडावरच आहे.