पित्ताची 'साधी' गोळी

अण्णांच्या हृदयात स्टेंट बसवून तीन महिने झाले होते. सुट्टीत मी बेळगावहून निपाणीला गेलो, तर त्यांच्या औषधांच्या डब्यात एक नवीच स्ट्रिप दिसली. ओमेप्राझोल.

"अण्णा, ही कुणी सांगितली?"

"मेडिकलमधून आणली. संकेश्वरी मिरचीचा ठेचा खाल्ला की छातीत जळजळतंय. पित्ताची साधी गोळी ती!"

आईचे माहेर कानडी. ती आतून म्हणाली, "पित्तद गुळिगी, एनू आगूदिल्ल बिडु." काही होत नाही, सोड! म्हणजे दोन्ही भाषांत ही गोळी 'साधी'च.

मी पडलो भाषेचा प्राध्यापक. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, मग स्वतःही थोडे वाचले.

स्टेंटनंतर देतात त्या क्लोपिडोग्रेलला आपण रक्त पातळ करणारी गोळी म्हणतो. खरे तर रक्तातील प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये, हे तिचे काम. पण ती गिळताच कामाला लागत नाही. यकृतातील एक एन्झाइम तिला कामाजोगे करते आणि ओमेप्राझोल नेमके तेच एन्झाइम अडवते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ही जोडी टाळायला सांगितले. एक सकाळी, एक रात्री घेऊनही हा अडथळा टळत नाही.

मग पित्ताची गोळी वाईटच का? तसेही नाही. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन एकत्र चालू असताना पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तो या गोळ्यांमुळे कमी होतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ओमेप्राझोलने रक्तस्राव घटला आणि हृदयविकाराचे प्रमाणही वाढलेले दिसले नाही. तरीही डॉक्टर सहसा पँटोप्राझोलसारखी कमी अडथळा करणारी गोळी निवडतात. अण्णांनाही तीच मिळाली.

वॉरफरिन हे औषध वेगळे. त्याचा डोस रक्ततपासणीवर ठरतो, त्यामुळे तिथे तर प्रत्येक नवी गोळी डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

आपल्या मनाने स्टेंटची गोळी मात्र कधीही बंद करू नका. गुठळीचा धोका असतो. शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर लगेच दवाखाना गाठा.

आता अण्णा तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून नेतात. डॉक्टरांशी मराठीत बोला की कानडीत, पिशवी तेवढी विसरू नका.