निब कुठून आणलीस?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारामतीहून अंथुर्ण्याकडे येणारी संध्याकाळची एसटी, नेहमीसारखी खच्चून भरलेली. काटेवाडी मागे पडल्यावर कशीबशी बसायला जागा मिळाली. मी सॅकमधून वही काढली आणि दुपारी कॉलेजात काढलेली अक्षरं बघत बसले. अख्ख्या पानावर फक्त 'क'. एक पोट सुटलेला, एक वाळलेला, एक बरा.

शेजारी अकरावी-बारावीतली वाटणारी एक मुलगी होती. बराच वेळ वहीत डोकावत होती. शेवटी धीर करून म्हणाली, "ताई, हे पेननीच काढलंय?"

"हो."

"निब कुठून आणली?"

"पुण्याहून."

"पुण्यात कुठून?"

"आहे एक दुकान," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर ऊस बघायला लागले. भवानीनगर आलं. ती उतरून गेली.

मी खोटं बोलले नव्हते. पण खरंही सांगितलं नव्हतं. कारण? आमच्या पंचक्रोशीत देवनागरी कॅलिग्राफी करणारी मी एकटीच, असा माझा समज होता आणि तो मला आवडत होता. इन्स्टावर पोस्ट टाकली की "भारी!", "नाद खुळा!" अशा कमेंट्स यायच्या. तीच निब उद्या तिच्याकडे आली तर?

हा आजार फक्त कॅलिग्राफीवाल्यांचा नाही. क्रोशे करणारी मैत्रीण दोऱ्याचं दुकान सांगत नाही. रेझिनची कानातली बनवणारा मित्र साचे कुठून आणले ते विचारलं की विषय बदलतो. "डीएम कर ना" म्हणायचं आणि डीएमला उत्तर द्यायचं नाही, हे तर सगळ्यांनीच कधी ना कधी केलंय. गंमत म्हणजे, मला स्वतःला ती निब मिळाली होती ती एका माणसाने न मागता पत्ता दिला म्हणूनच.

उलटी निब

दहावीच्या सुट्टीत मामाने मला ऑनलाइन मागवलेला कॅलिग्राफी सेट दिला होता. चकचकीत डबा, पाच निब्स, शाईची बाटली. व्हिडिओ बघून मी एबीसीडी शिकले, ती झकास यायची. पण मराठी लिहायला घेतलं की सगळं बिघडायचं. जिथे रेघ जाड हवी तिथे बारीक, जिथे बारीक हवी तिथे जाड. सहा महिने मी माझ्याच हाताला दोष देत होते.

आमच्या गावात एक पेंटर आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. एकदा ते किराणा दुकानाच्या भिंतीवर नाव रंगवत होते आणि मी वही घेऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी माझं पेन हातात घेतलं, निब उन्हात धरून बघितली आणि हसले. "बाळा, ही इंग्रजीची हाय. आपल्याला उलटी लागती."

झालं! सहा महिन्यांचं कोडं एका वाक्यात सुटलं. निब कापायची आणि धरायची तिरकी बाजू रोमन अक्षरांसाठी एक असते, देवनागरीसाठी बरोबर विरुद्ध. आपल्याकडे पूर्वी लोक बोरूने लिहायचे. बोरू म्हणजे एक पोकळ काडी. तिचं टोक तिरकं तासायचं, मधे चीर द्यायची आणि शाईत बुडवून लिहायचं. टोकाचा तो तिरकेपणाच आपल्या अक्षरांना जाडी-बारकी देतो. डब्यावर 'कॅलिग्राफी सेट' लिहिलंय म्हणून तो मराठीला चालेलच असं नाही.

नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. शेजारच्या टपरीवरून आइस्क्रीमची एक चपटी काडी मागवली, ब्लेडने तिरकी कापली, रंगात बुडवून भिंतीच्या कोपऱ्यात एक 'ग' काढला. आणि मग एका वहीच्या कागदावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाचा नकाशा काढून दिला. कुठून आत शिरायचं, कुठल्या रांगेत चित्रकलेच्या सामानाची दुकानं आहेत, काय मागायचं. "नुसतं निब म्हणू नको. देवनागरीची कट निब म्हण. न्हाईतर परत इंग्रजीची देतील."

हे सगळं एका अशा माणसाने सांगितलं, ज्याचं निम्मं काम फ्लेक्सने खाल्लंय. दूध डेअरीची पाटी, सोसायटीची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं 'आईचा आशीर्वाद', सगळं एकेकाळी हाताने व्हायचं. आता फ्लेक्स एका रात्रीत छापून येतो. नानांकडे राहिलंय ते ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांवर नंबर घालणं आणि देवळांच्या भिंती. लपवायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता.

दुकान म्हणजे नुसता काउंटर नाही

अंथुर्ण्याहून पुण्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. त्यामुळे पहिल्यांदा अप्पा बळवंत चौकात पोचले तेव्हा मी यात्रेला आल्यासारखी हरखले होते. पुस्तकं, गाईड्स, वह्या आणि मधेच रंग-ब्रशांची दुकानं. पण खरी शिकवणी झाली ती काउंटरशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडून. एका आजोबांनी सांगितलं की नवी निब आधी पुसून घ्यायची, तिच्यावर तेलाचा हात असतो, शाई धरत नाही. एका आर्टच्या विद्यार्थ्याने महागडा कागद माझ्या हातातून काढून ठेवला. "सराव रद्दीवर कर. पेपरचे कॉलम आडवे धरले की आयत्या ओळी मिळतात."

फळीवर कॅम्लिनच्या शाईच्या बाटल्या होत्या. लहानपणी कंपासपेटीवर वाचलेलं हे नाव मराठी माणसाचं आहे, हे मला तिथेच कळलं. दि. प. दांडेकर यांनी भावाच्या साथीने १९३१ साली मुंबईत गिरगावात शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली, 'घोडा छाप' नावाने. पुढे 'कॅमल' शाई आली आणि 'कॅमल' आणि 'इंक' मिळून कॅम्लिन झालं.

मोठ्या लोकांची नावंही अशीच, एकाकडून दुसऱ्याकडे, माझ्यापर्यंत आली. मराठी नाटकांची शीर्षकं अशी रंगवणारे कमल शेडगे, की नुसत्या अक्षरांवरून नाटक विनोदी की गंभीर ते कळावं. ते २०२० मध्ये गेले. मोडी लिपीचा अभ्यास करून तिचं वळण देवनागरीत आणणारे अच्युत पालव, ज्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि र. कृ. जोशी. हे नाव माहीत नसेल, तरी त्यांचं काम तुम्ही वापरलंय. विंडोजवर मराठी टाइप करताना दिसणारा 'मंगल' फॉन्ट त्यांचा. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट तर कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं, वापरू शकतं, त्यात बदलही करू शकतं.

म्हणजे बघा. ज्यांनी आयुष्यभर घासून अक्षरं घडवली, त्यांची अक्षरं आज आपल्या सगळ्यांच्या हाताशी आहेत. आणि मी एका निबचं दुकान लपवत होते!

पत्त्यांची वही

एसटीतली ती मुलगी मला पुन्हा भेटली नाही. पण ती डोक्यातून गेलीही नाही. मागच्या वर्षी आम्ही पाचजणांनी मिळून एक लांब रजिस्टर आणलं. मी अक्षरांची, एक क्रोशेवाली, एक मंडला काढणारा, एक रांगोळीवाली आणि एकजण जो भंगारातून छोटे ट्रॅक्टर बनवतो. रविवारी शाळेच्या ओट्यावर बसतो. रजिस्टरमध्ये चार रकाने आहेत. काय हवं, कुठे मिळतं, किती पैसे लागले, आणि काय म्हणून मागायचं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वस्तूचं नाव यूट्यूबवर एक असतं, दुकानात दुसरंच.

या वहीत पुण्याची बोहरी आळी आहे. ट्रॅक्टरवाल्याला लागणारी तार, बारके स्क्रू, पत्रा आणि मला लागणारे चपटे ब्रश तिथे मिळतात. तुळशीबाग आहे, लेस आणि मण्यांसाठी. इंदापूरचा बाजार आहे. बारामतीत तर गंमतच झाली. आम्ही दोन वर्षं काळ्या शाईसाठी पुण्याला जात होतो. ती झेरॉक्सशेजारच्या स्टेशनरीत सापडली, "वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक" म्हटल्यावर. आधी आम्ही "कॅलिग्राफीची शाई" मागायचो आणि दुकानदार "नाही" म्हणायचा. बिचारा खरंच बोलत होता.

वहीवरून एकदा भांडणही झालं. क्रोशेवाली मैत्रीण ऑर्डर घेते, त्यातून तिची कॉलेजची फी निघते. ती म्हणाली, "तुम्हाला हौस आहे, मला धंदा आहे. सगळं लिहून दिलं तर उद्या माझं गिऱ्हाईक जाईल." तिचं चुकीचं नव्हतं. आम्ही सगळे गप्प बसलो. शेवटी तिनेच तोडगा काढला. दोऱ्याचं दुकान लिहीन, डिझाइन लिहिणार नाही. आणि पुढे झालं असं, की तिघीचौघी मिळून एकदम दोरा आणायला लागल्या, तर तोच दोरा स्वस्त पडला. तरीही तिची डिझाइन्स तिचीच आहेत, आणि आम्ही ती मागत नाही. वाटून घेणं म्हणजे ओरबाडणं नाही, हे त्या भांडणातून शिकलो.

'ल' आपला न्हाय

तुकोबांची पालखी बारामती सोडली की सणसर, बेलवडी करत आमच्या रस्त्याने इंदापूरकडे जाते. गेल्या आषाढी वारीत आम्ही ठरवलं, रस्त्यावर रांगोळीने मोठ्ठं 'विठ्ठल' लिहायचं. तीनच अक्षरं. मी फोनवरून एक फॉन्ट बघून आखणी केली. नाना गेरूत भिजवलेली दोरी घेऊन आले. दोघांनी टोकं ताणून धरायची, मधे उचलून सोडायची, की रस्त्यावर सरळ रेघ उमटते. "इंग्रजी अक्षर खालच्या रेघंवर बसतं, आपलं वरच्या रेघंला लटकतं. म्हणून वरची रेघ पक्की पायजे," ते म्हणाले.

शेवटचं अक्षर बघून मात्र ते थबकले. "हा 'ल' आपला न्हाय." खरंच! फोनवरचा 'ल' हिंदी वळणाचा होता. आम्ही कुणीच ओळखला नव्हता, आणि रोज वाचतो मराठीच. नानांनी पायाने तो पुसला, चिमटीत रांगोळी घेतली आणि मराठी 'ल' काढला, दोन गोल पाकळ्यांचा. दुपारी दिंड्या आल्या, हजारो पाय त्यावरून गेले. पण तो 'ल' कसा काढायचा हे आता आम्हा पाचही जणांना येतं.

तेव्हा मला कळलं, नानांना काय येतं ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. आणि त्यांनी ते सांगितलं नसतं तर फ्लेक्सबरोबर तेही गेलं असतं.

तुम्हाला सुरू करायचंय?

• निब नसेल तर आइस्क्रीमची काडी किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी तिरकी कापा. पोस्टर कलर पाण्यात पातळ केला की शाई तयार.

• दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधून लिहा. अक्षरात जाड-बारीक कुठे येतं ते लगेच दिसतं.

• अक्षराची उंची सुरुवातीला निबच्या जाडीच्या पाच-सहापट ठेवा.

• पहिला आठवडा शब्द लिहू नका. फक्त उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा आणि अर्धगोल.

• गावातल्या पेंटरकडे एक दुपार जाऊन बसा. चहा तुमच्याकडून.

आणि हो...

भवानीनगरला उतरलेल्या त्या मुलीसाठी. उत्तर द्यायला तीन वर्षं लागली, सॉरी. अप्पा बळवंत चौक, पुणे. चित्रकलेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात जा आणि "देवनागरीची कट निब" म्हणूनच माग. पुण्याला जाणं जमणार नसेल तर रविवारी अंथुर्ण्याला ये. शाळेच्या ओट्यावर आम्ही असतो. माझ्याकडे दोन निब्स आहेत, एक तुझी.