भिंतीत काय नाही?

घराचा खर्च आपण मोजतो तो भिंतीत काय घातलं त्यावरून. वास्तुरचनाकार लॉरी बेकर उलटा हिशेब मांडत: भिंतीतून काय वगळता येईल?

बेकर यांचा जन्म १९१७ सालचा, बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत थांबले आणि गांधीजींना भेटले. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी आयुष्यभर मनात ठेवलं. पुढे ते भारतात आले आणि इथलेच झाले.

तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात त्यांचा हिशेब विटांत वाचता येतो. त्यांची आवडती रचना 'रॅट ट्रॅप बॉण्ड'. यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करतात. समोरासमोरच्या दोन विटांमध्ये पोकळी राहते आणि मधूनमधून एक वीट दोन्ही बाजू जोडून धरते. भिंत नऊ इंचीच, पण विटा जवळपास पाव हिश्शाने कमी. पोकळीत कोंडलेली हवा उन्हाची धग आत पोचू देत नाही. वर गिलावा नाही, रंग नाही. खिडक्यांच्या जागी अनेकदा विटांचीच जाळी: झळ अडते, वारा खेळतो. केरळच्या दमट हवेत घाम वाळायला तो वाराच लागतो.

स्लॅबचंही तसंच. भार आला की स्लॅबचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. हा ताण झेलते सळई. तिथलं बरंचसं काँक्रीट नुसती भर असते. बेकर त्या जागी जुनी मंगलोरी कौलं बसवत. तेवढं सिमेंट वाचतं, आणि सिमेंट करताना चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते, म्हणजे तेवढा धूरही वाचतो.

अर्थात, अशा भिंतीला हात कसलेला लागतो. कोपरे आणि दारांच्या कडा भरीव ठेवायच्या, विजेच्या नळ्यांची जागा आधीच ठरवायची. बचत सामानात होते, गवंड्याच्या मजुरीत नव्हे.

कोकणात कौलारू घर उतरवून स्लॅबचं घर बांधतात, तेव्हा जुनी कौलं परसात ढीग होऊन शेवाळत पडतात. समोरच्या नव्या स्लॅबच्या पोटात त्यांना जागा होती.