गिरणीचे छायाचित्र

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने आज आपल्या नित्य परिचयाचे झाले आहेत. परंतु ही वसाहत होण्यापूर्वी महाड-पोलादपूर भागातील कित्येक घरांतील कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईस जात आणि तेथील कापडगिरण्यांत राबत. मुंबईतील पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापन केली. ती १८५६ साली ताडदेव येथे सुरू झाली. पुढे लालबाग-परळचा परिसर गिरण्यांनी गजबजला व त्यास ‘गिरणगाव’ हे नाव पडले. १९८२ च्या दीर्घ संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. कित्येकींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. म्हणून ज्या वास्तू उरल्या आहेत, त्यांची छायाचित्रे काळजीपूर्वक घेऊन ठेवणे अगत्याचे आहे.

असे छायाचित्र कसे घ्यावे? प्रथम परवानगी घ्यावी आणि सोबत वडीलधारे माणूस असावे. गिरणीचे धुराडे फार उंच असते. ते चित्रात मावावे म्हणून कॅमेरा वर उचलला, की धुराडे व भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. त्याऐवजी लांब जाऊन, अथवा समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून, कॅमेरा सरळ धरून चित्र घ्यावे. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे पडते. तेव्हा भिंतीचा एकेक दगड उठून दिसतो. भिंतीजवळ एक माणूस उभा केला, म्हणजे वास्तू केवढी आहे हे पाहणाऱ्यास कळते.

छपराचे चित्र अवश्य घ्यावे. पुष्कळ गिरण्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूस काचा बसवून ती बाजू उत्तरेकडे ठेवीत. त्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस डोळे दिपविणारे ऊन आत न येता सारखा उजेड मिळे आणि तुटलेला धागा कामगारास चटकन दिसे. छपराचा तो आकार शोभेसाठी नव्हता, कामासाठी होता.

परंतु कॅमेऱ्यास भोंगा ऐकू येत नाही, आणि रिकाम्या खात्यात साचे कोठे होते हेही त्यास ठाऊक नसते. ते तेथे राबलेल्या माणसांसच ठाऊक! मुलांनो, तुमच्या गावात असे एखादे आजोबा असतील, तर छायाचित्र त्यांच्यापुढे ठेवा. ते जे सांगतील ते, तसेच स्थळ, दिनांक व दिशा, चित्राच्या मागे लिहून ठेवा. उद्या ती भिंत नसेल, आजोबाही नसतील. तेव्हा तुमचे हे टिपणच गिरणीची साक्ष देईल.