आइस्क्रीम नसलेला आइस्क्रीम सोडा

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे! या सीमेवर तहान भागवायला दोन जुनी पेयं हाताशी असतात: व्हॅनिलाच्या वासाचा आइस्क्रीम सोडा आणि सुरतेचा सोस्यो. दोघांबद्दलचे गैरसमजही तितकेच जुने.

गैरसमज : आइस्क्रीम सोड्यात दूध किंवा आइस्क्रीम असतं.
वस्तुस्थिती : दुधाचा थेंबही नसतो. साखरेचा पाक, वायू भरलेलं पाणी, इसेन्स आणि रंग, झालं! वास व्हॅनिला आइस्क्रीमची आठवण करून देतो, एवढंच. अमेरिकेत मात्र याच नावाने सोड्याच्या ग्लासात खरोखरच आइस्क्रीमचा गोळा सोडून देतात.

गैरसमज : मग व्हॅनिला तरी खरा असेल.
वस्तुस्थिती : बहुतेकदा तोही नाही. व्हॅनिला ही ऑर्किड कुळातल्या वेलीची शेंग. मूळची मेक्सिकोची ही वेल बाहेर फळेना, म्हणून तिची फुलं हाताने फळवावी लागतात. ही सोपी युक्ती 1841 मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. शेंगा मुरवायला पुन्हा काही महिने लागतात, त्यामुळे माल महाग. त्या वासातला मुख्य घटक म्हणजे व्हॅनिलिन. 1874 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत तयार केला आणि स्वस्त इसेन्सचा रस्ता मोकळा झाला.

गैरसमज : जेवण जड झालं की सोडा प्यावा, ढेकर आली की पचलं.
वस्तुस्थिती : ती ढेकर जेवणाची नव्हे, सोड्याचीच. बाटलीत दाबाखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइड पोटात सुटतो आणि आल्या वाटेने परत जातो. खाण्याच्या सोड्याशी या पेयाचं नातं आता फक्त नावापुरतं. पूर्वी त्या जातीचे क्षार वापरत, म्हणून नाव चिकटलं.

गैरसमज : गोटी सोड्याच्या बाटलीत गोटी वरून दाबून बसवतात.
वस्तुस्थिती : गोटी कायम आतच असते. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1872 मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरतात. सरळ करण्याआधीच वायूचा दाब गोटीला तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो. अंगठ्याने दाबली की ‘फट्’ आवाज होतो आणि गोटी गळ्यातल्या खाचेत अडकते. आपल्याकडचा गोटी सोडा तो हाच. जपानमध्ये रामुने नावाचं पेय आजही याच बाटलीत मिळतं.

गैरसमज : सोस्योत थोडी दारू असते.
वस्तुस्थिती : अजिबात नाही. रंग गडद आणि चव द्राक्ष-सफरचंदाच्या आंबवलेल्या रसासारखी, म्हणून संशय येतो. सुरतेच्या हजूरी कुटुंबाच्या या पेयाचं सुरुवातीचं नावच मुळी ‘व्हिस्की नो’ होतं. दारूबंदी असलेल्या गुजरातेत सोस्यो आजही साध्या किराणा दुकानात उघडपणे विकला जातो.