घारापुरीचा दुसरा डोंगर
जोडून सुट्टी आली, की मला घारापुरी आठवते. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास. २००६ साली कचेरीतल्या मित्रांबरोबर गेलो, तेव्हा लेण्यांतली महेशमूर्ती पाहिली, कणसे खाल्ली अन् परतलो. पूर्वेकडच्या डोंगरावर विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे आम्हा कुणाला ठाऊकच नव्हते!

पुढे आईला घेऊन गेलो. चढ पाहून ती खालीच बसली, तिथूनच हात जोडले. “तू बघून ये, मला सांग,” म्हणाली. शेवटची लाँच चुकेल या धास्तीने मी अर्ध्या वाटेतून फिरलो. तिला मात्र ‘पाहिला’ म्हणून सांगितले. आजही ती स्तूप कसा होता ते विचारते.

वाचकहो, सोमवारी लेणी बंद असतात. पाणी सोबत घ्या, सकाळची पहिली लाँच धरा. येत्या रविवारी मीही तीच धरणार आहे.